टपाल तिकिटावरचा इतिहास : कापण्याआधी वाचा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर बोरी अरब येथे दिलेले भाषण)



संस्थेने मला बोलावणे पाठविले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हे माझ्यावरच सोपविले. शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा हे सर्व विषय मोठे आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले. म्हणून मी आपल्यासमोर एक अगदी लहान वस्तू घेऊन आलो आहे. ती इतकी लहान आहे की मागच्या रांगेतल्या मुलांना दिसणारही नाही. ही पाहा. हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले एक आण्याचे टपाल तिकीट. त्याच्यावर चारमिनार आहे.

हे तिकीट माझ्याजवळ कसे आले, ते आधी सांगतो. त्यात माझी बढाई नाही, उलट माझ्या एका चुकीचीच हकीकत आहे.

माझी अम्मी पैनगंगेच्या पलीकडची, नांदेडकडची. आपला यवतमाळ जिल्हा त्या काळी वऱ्हाडात मोडत होता आणि १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. पैनगंगा ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होई. तिथले नाणे वेगळे, तिथले टपाल वेगळे आणि अर्थातच तिथले तिकीटही वेगळे. माझे एक मामू नोकरीसाठी हैदराबादला गेले होते. ते तिथून नानांना पत्रे लिहीत. नोकरीत असतानाच ते तिकडे वारले. पुढे नाना गेले, तेव्हा त्यांच्या पत्रांचा गठ्ठा एका हिरव्या कापडात बांधून अम्मीने बोरीला आणला आणि लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवला.

मी पाचवीत असताना वर्गातल्या एका मुलाने तिकिटांची वही आणली. ती पाहून मलाही तसा नाद लागला. एके दुपारी अम्मी शेजारी गेलेली पाहून मी पेटी उघडली, कात्री घेतली आणि त्या साऱ्या पाकिटांवरची तिकिटे चौकोनी कापून काढली. पाकिटे उगाच जागा अडवतील म्हणून चुलीत घातली. पत्रे मात्र अम्मी रागावेल या भीतीने तशीच ठेवली. संध्याकाळी माझ्या वहीत चारमिनारची एक रांग झाली होती आणि मी फार खुशीत होतो.

अम्मी रागावली नाही. तिला ते बऱ्याच दिवसांनी कळले. अनेक वर्षांनंतर, म्हातारपणी, ती एकदा तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बेटा, यातले तुझ्या मामूचे शेवटचे पत्र कोणते, तेवढे सांग.” मी एकेक पत्र उघडून पाहिले. मामू पत्राच्या वर फक्त वार लिहीत. तारीख आणि साल होते ते पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात, आणि ती पाकिटे मी जाळली होती. कोणते पत्र आधीचे, कोणते नंतरचे, हे सांगण्याचा मार्ग उरला नव्हता. मी अम्मीला तसे सांगितले. तिने सर्व पत्रे पुन्हा त्याच कापडात बांधली आणि त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

मित्रहो, तिकिटे जमविणे हा वाईट छंद आहे, असे मला म्हणायचे नाही. वाईट होती ती माझी घाई. मी चित्र पाहिले, पण कागद वाचला नाही. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे. तिकीट हे वाचायची वस्तू आहे. ज्याला ते वाचता येईल, त्याच्यापुढे आपल्या देशाच्या इतिहासाची दारे एकेक करून उघडतील.

आता हे चारमिनारचे तिकीट आपण मिळून वाचू. चारमिनार १५९१ साली हैदराबाद शहर वसले तेव्हाचा. हे तिकीट मात्र १९३१ सालच्या मालिकेतले आहे. निजाम सरकारने त्या वर्षी चित्रांची एक सुंदर मालिका काढली. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हैदराबादचे उच्च न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. निजामाच्या तिकिटांवर किंमत चार भाषांत छापलेली असे : इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि आपली मराठी. आपल्या घरात उर्दू बोलतात आणि बाजारात मराठी. काही लोक आपल्याला विचारतात की तुमची भाषा नेमकी कोणती? एका आण्याच्या त्या कागदावर या दोन्ही भाषा शेजारी शेजारी सुखाने बसल्या होत्या. मुलांनो, उत्तर द्यायची वेळ आली तर हे तिकीट दाखवा.

या मालिकेतील दोन तिकिटांवर मला थोडे अधिक बोलायचे आहे.

पहिले बारा आण्यांचे. त्याच्यावर राजवाडा नाही, तोफ नाही, एक शाळा आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बीदरला १४७२ साली हा मदरसा बांधला. इराणातून व्यापारासाठी आलेला हा माणूस आपल्या अकलेने वजीर झाला आणि त्याने दूरदूरचे विद्वान बोलावून तेथे विद्येचे केंद्र उभे केले. पुढे १४८१ साली दरबारातील कटामुळे त्याचा शिरच्छेद झाला. १६९६ साली दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग कोसळला. एक मिनार आणि रंगीत कौलांचे काही काम मात्र अजून उभे आहे. कट करणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? शाळा बांधणाऱ्याचे काम मात्र साडेचारशे वर्षांनी तिकिटावर आले. आपल्या संस्थेसाठी ज्यांनी जमीन दिली, वर्गणी दिली, विटा वाहिल्या, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

दुसरे आठ आण्यांचे, अजिंठ्याचे. निजाम मुसलमान राजा होता आणि अजिंठा ही बौद्ध लेणी. तरीही आपल्या राज्यातील अभिमानाच्या जागा निवडताना त्याच्या सरकारला अजिंठा वगळावा असे वाटले नाही. इतकेच नव्हे, तर ही लेणी जपण्याचे आणि जगापुढे आणण्याचे काम ज्या पुरातत्त्व खात्याने केले, त्याचे प्रमुख होते गुलाम यझदानी. १९१४ पासून त्यांनी ते खाते सांभाळले. अजिंठ्यावरचा त्यांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला आणि बीदरवरचा ग्रंथ १९४७ साली. भारत सरकारने १९५९ साली त्यांना पद्मभूषण दिले. बुद्धाच्या चित्रांसाठी हयात वेचणारा हा मुसलमान विद्वान आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात भेटत नाही. पण आठ आण्यांचे तिकीट हाती आले आणि मुलाने “हे कोणी जपले?” असा प्रश्न विचारला, तर त्याची गाठ यझदानींशी पडते. तिकिटाचा उपयोग तो हाच.

आता दुसरी एक गंमत सांगतो. अजिंठ्याचे हे तिकीट लावलेले पत्र नांदेडहून हैदराबादला जाई, पण पैनगंगा ओलांडून आपल्या बोरीला येऊ शकत नसे. कारण निजामाचे तिकीट त्याच्या राज्याच्या आतच चाले. बाहेर पत्र धाडायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट लावावे लागे. हैदराबाद १९४८ साली भारतात विलीन झाले, १ एप्रिल १९५० पासून त्याचे टपालही भारतीय टपालात मिसळले आणि मग पलीकडचे पत्र अलीकडे यायला एकच तिकीट पुरे झाले. देश एक होणे म्हणजे काय, हे मोठमोठ्या पुस्तकांतून मुलांना समजत नाही. ते पाकिटावरून चटकन समजते.

इंग्रजी अमलातील तिकिटांकडे वळू. सर्व भारतासाठी तिकिटे निघाली १८५४ साली. त्याआधी १८५२ मध्ये सिंध प्रांतात तिकिटे सुरू झाली होती. पुढे कित्येक वर्षे तिकिटावर राणीचा किंवा राजाचा मुखवटा, एवढेच चित्र असे. भारतातील इमारती सरकारी टपाल तिकिटांवर आल्या त्या १९३१ साली, नव्या दिल्लीच्या उद्घाटनाच्या निमित्ताने. त्या सहा तिकिटांत पाव आण्यावर पुराना किल्ला होता. १९३५ साली पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी सात तिकिटे निघाली. अर्ध्या आण्यावर आपल्या मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया, अडीच आण्यांवर ताजमहाल, साडेतीन आण्यांवर अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि आठ आण्यांवर मंडालेचा पॅगोडा. विद्यार्थी विचारतील, मंडाले तर ब्रह्मदेशात, मग ते आपल्या तिकिटावर कसे? कारण ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानच्या सरकारखालीच होता. लोकमान्य टिळकांना ज्या मंडालेच्या तुरुंगात ठेवले, तेच हे गाव. बघा, एका तिकिटातून दुसरा धडा निघाला की नाही?

स्वातंत्र्यानंतर मात्र तिकिटांचा सूर बदलला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी सोळा तिकिटांची मालिका निघाली आणि राजाचा मुखवटा जाऊन त्या जागी या देशातील कारागिरांचे काम आले. त्यांची यादी एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती, नटराज, सांचीचे तोरण, बोधगयेचे मंदिर, भुवनेश्वरचे मंदिर, विजापूरचा गोलघुमट, खजुराहो, सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ, दिल्लीचा लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार आणि पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर. देशाची फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती. घरे जळाली होती, माणसे उखडली गेली होती. अशा वेळी नव्या सरकारने देशाची ओळख म्हणून ही रांग निवडली. बौद्ध, हिंदू, जैन, शीख, मुसलमान, कोणाच्याही हाताचे काम त्यात परके ठरले नाही. सहा आणे दिले की विजापूरचा गोलघुमट कोणाच्याही घरी जाई. ही तिकिटे छापली गेली आपल्याच महाराष्ट्रात, नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात.

या मालिकेत एक चूकही झाली. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. १९५० साली ती सुधारून पुन्हा छापली. ज्याचे डोळे तयार आहेत, त्याला दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली की फरक कळतो. सरकारी छापखान्याची चूकसुद्धा सामान्य माणसाला पकडता येते, आणि ती कबूल करून दुरुस्त करता येते. मला वाटते, मुलांना शिकविण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. याने मुलाच्या मार्कांत काय भर पडणार? आणि यातून पैसा मिळेल काय? दोन्हींचे उत्तर मी सरळ देतो.

पैशाची आशा धरू नका. जुनी तिकिटे म्हणजे खजिना, अशा गोष्टी आपण ऐकतो. पण वापरलेली बहुतेक तिकिटे लाखोंनी छापलेली असतात आणि त्यांना बाजारात फारसा भाव नसतो. बनावट तिकिटेही विकली जातात. मुलाच्या हाती मोठी रक्कम देऊन तिकिटे विकत घेण्याची गरज मुळीच नाही. हा छंद गरिबाचाही आहे, हेच त्याचे मोठेपण.

अभ्यासाचे म्हणाल, तर फायदा निश्चित आहे. शिवाय टपाल खात्याने २०१७ साली दीनदयाल स्पर्श नावाची शिष्यवृत्ती योजना सुरू केली. ती सहावी ते नववीच्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना तिकिटसंग्रहाची आवड आहे आणि ज्यांचे गुणही चांगले आहेत. लेखी चाचणी आणि तिकिटांवरचा एक प्रकल्प यांतून निवड होते आणि वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. शाळेत तिकिटसंग्रहाचे मंडळ असले, तर मुलांना त्यात भाग घेणे सोपे जाते. असे मंडळ आपल्या शाळेत निघावे, ही माझी संस्थेला नम्र विनंती आहे. त्याला एक कपाट, एक वही आणि एक उत्साही शिक्षक लागतो. मुलांइतकेच मुलींनाही त्यात घ्या. आपल्या पुष्कळ मुलींना विजापूर किंवा आग्रा पाहण्याचा योग येत नाही. तो यावा असे मला मनापासून वाटते. पण तो येईपर्यंत त्यांनी थांबून का राहावे?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी थोडे कामाचे.

एक, सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. आजी, नानी, दादा यांना विचारून, त्यांच्यासमोर जुनी पत्रे काढा. पाकिटावर गावाचा आणि तारखेचा शिक्का वाचता येत असेल, तर तिकीट काढू नका. ते पाकीट आहे तसे जपा. पत्र आणि पाकीट यांची ताटातूट करू नका. पत्र उर्दूत असेल आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर वाचणारे माणूस घरात आहे तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा.

दोन, सुटे, अलीकडचे तिकीट असेल तर ते ओढून काढू नका. भोवतीचा कागद ठेवून कापा, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवा, आपोआप सुटले की टिपकागदावर उलटे वाळवा आणि जाड पुस्तकात दाबून ठेवा. काही तिकिटांचा गोंद पाण्यात सुटत नाही. ती कागदासकट ठेवावीत. शाई उतरेल असे वाटले तर रंगीत पाकिटाचे तिकीट इतरांबरोबर भिजवू नका.

तीन, वहीत डिंक किंवा चिकटपट्टी कधीही लावू नका. तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरा. कडेचे दाते तुटू देऊ नका. पावसाळ्यात वही ओलीपासून सांभाळा.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक तिकिटाखाली चार प्रश्नांची उत्तरे लिहा. ही वास्तू कोणती आणि कोठे आहे? ती कोणी आणि केव्हा बांधली? हे तिकीट कोणत्या साली आणि कशासाठी निघाले? आणि हे पत्र कोठून निघून कोठे पोचले? ज्या तिकिटाखाली चार उत्तरे आहेत, ते तुमचे झाले. बाकीची नुसती तुमच्या वहीत आहेत.

आपल्याजवळच्या वास्तूंपासून आरंभ करायचा असेल, तर १९८४ च्या किल्ल्यांच्या मालिकेत सिंहगड आहे. ग्वाल्हेर, वेल्लोर आणि जोधपूर हे त्याचे सोबती. १९६७ साली आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्षानिमित्त ताजमहालाचे पंधरा पैशांचे तिकीट निघाले होते. अशा तिकिटांतून पाच-सहा निवडून त्यांवर एकेक पान लिहिले, तरी एका वर्षाचा अभ्यास झाला समजा.

आज पत्रे लिहिणारे थोडे उरले. निरोप फोनवर येतो, वाचला जातो आणि पुसला जातो. पोस्टमनच्या हाकेची वाट पाहणारी पिढी आता मावळते आहे. म्हणूनच मला घाई आहे. आपल्या बोरीत, दारव्ह्यात, दिग्रसला, कितीतरी घरांत अशा पेट्या अजून असतील. घर रंगवायला काढले, भावाभावांत वाटणी झाली किंवा एखादे वडीलधारे माणूस गेले की पेटी रिकामी होते आणि कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. त्या कागदांत आपल्या घराण्याचा, आपल्या गावाचा पुरावा असतो. मोठमोठ्या लोकांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या नाना-दादांचा इतिहास आपण जपला नाही, तर दुसरा कोण जपणार?

ते चारमिनारचे तिकीट मी वहीतून काढून आज येथे आणले, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे सर्व आहे, फक्त मामूंची तारीख नाही. ती मी जाळली. तुमच्यापैकी एखाद्याने आज घरी जाऊन कात्री बाजूला ठेवली आणि आजीच्या शेजारी बसून एक जुने पाकीट वाचले, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

 आपल्या शाळेची भरभराट होवो आणि येथील मुलामुलींना डोळसपणे पाहण्याची सवय लागो, अशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.